रेंजचा पत्ता

हैदराबादेतल्या घरांचे नंबर ज्यांनी वाचले आहेत, त्यांना मोबाइल टॉवरच्या नंबरांची भीती वाटायचं काही कारण नाही. आमच्या आत्याचं काचीगुड्याचं घर ३-४ नं सुरू होतं. पुढे एक तीन आकडी संख्या, मग तिरकी रेघ, मग आणखी एक आकडा आणि शेवटी इंग्रजी ए. पहिला आकडा वॉर्डाचा, दुसरा ब्लॉकचा, तिसरा घराचा आणि तिरक्या रेघेपुढचं सगळं भाऊबंदकीचं. वाटणी झाली की एक रेघ पडते. या नंबराच्या पुढचा नंबर शेजारच्याच घरावर सापडेल अशी भाबडी आशा धरणारा माणूस पुण्याहून नुकताच आलेला असतो. इथला माणूस सरळ फोन काढतो आणि म्हणतो, "लोकेशन भेजो."

आता लोकेशन पाठवायचं तर रेंज हवी. आत्याच्या घरात ती दोनच ठिकाणी येते: देवघराच्या खिडकीत आणि मागच्या अंगणात नळापाशी. देवघरात चपला काढून जावं लागतं, म्हणून पाहुणे नळ पसंत करतात. लग्नकार्यात त्या नळाभोवती अशी झुंबड असते, की नवख्याला वाटावं, पाणी जायची वेळ झाली. मुंबईचा जावई तिथं उभा राहून ऑफिसशी बोलतोय आणि त्याच्या मागे नांदेडची वहिनी नंबर लावून उभी आहे. "झालं का हो तुमचं?" हे वाक्य त्या नळाला पूर्वीपासून पाठ आहे, फक्त तेव्हा हातात घागरी असायच्या.

अशा घरात एक प्रश्न कधी ना कधी उठणारच. तो मेला टॉवर आहे तरी कुठे?

प्रश्न आपल्या लोकांच्या स्वभावाला धरून आहे. पाणी कुठल्या टाकीतून येतं, वीज कुठल्या डीपीवरून येते, दूध कुणाच्या गोठ्यातलं, हे आपल्याला माहीत असतं. ते आलं नाही तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची, हेही माहीत असतं. रेंज तेवढी कुठून येते कळत नाही, त्यामुळे ती गेली की आपला संताप नुसता हवेत जातो. टॉवर सापडला म्हणून रेंज वाढत नाही, एवढं शोधायला बसण्यापूर्वीही मला कळत होतं. पण गाऱ्हाण्याला पत्ता मिळाला की जीव जरा थाऱ्यावर येतो.

शोध फोनापासूनच सुरू होतो. अँड्रॉइड फोनात नंबर लावायच्या जागी चांदणी, हॅश, चांदणी, हॅश, मग ४६३६ आणि पुन्हा हॅश, चांदणी, हॅश, चांदणी असं दाबलं, की बऱ्याच फोनांत एक पडदा उघडतो. हा पडदा फोन विकणारा कधी दाखवत नाही. न उघडला तर तेच सांगणारी फुकट अ‍ॅप्स पोत्यानं मिळतात. इथं रेंज दांड्यांत नसते, आकड्यांत असते, आणि आकडे सगळे उणे. उणे ८० म्हणजे उत्तम. उणे १०० म्हणजे चालतंय. उणे ११५ म्हणजे नळाकडे चला. दर १० नं आकडा खाली गेला की ताकद दहा पटीनं घटते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांच्यात हजार पटींचा फरक, आणि तो फोनाच्या कोपऱ्यात दोन-तीन दांड्यांत उरकलेला असतो. शिवाय किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो. तेव्हा "माझ्याकडे बघा, फुल्ल आहेत" असं म्हणणाऱ्या पाहुण्याचं फार मनावर घेऊ नये.

त्याच पडद्यावर एक लांबलचक संख्या असते. आपला फोन या घटकेला ज्या सेलच्या आधारानं जगतोय त्या सेलचा तो नंबर. फोन ४जीवर असेल तर या संख्येला २५६ नं भागायचं. भागाकार येतो तो टॉवरचा नंबर आणि बाकी उरते ती त्या टॉवरच्या तोंडाची खूण. टॉवरला बहुतेक तीन तोंडं असतात, दत्तासारखी, आणि प्रत्येकानं एकेक दिशा वाटून घेतलेली असते.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गणिताचे निवृत्त शिक्षक. इतकी वर्षं मोबाइलला त्यांनी हात लावायचा तो फक्त मिस्ड कॉल बघायला. पण यात भागाकार आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मी कॅल्क्युलेटर उघडून पुढे केला, तो त्यांनी एका बोटानं बाजूला सारला आणि जुन्या पंचांगाच्या मलपृष्ठावर भागाकार मांडला. समजा संख्या ४६,०८,७७१. भाजक २५६. भागाकार १८,००३, बाकी ३. बाकीखाली दोन रेघा ओढून काका म्हणाले, "तिसऱ्या तोंडानं बोलतोय." (कंपन्या तोंडांना नंबर आपापल्या सोयीनं देतात, पण ते मी त्या क्षणी सांगितलं नाही.) २५६च का, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोनाचा आठवा घात. नंबरातले शेवटचे आठ बिट तोंडांसाठी राखून ठेवलेले. त्यानंतर काकांनी देवघराच्या खिडकीत एकदा आणि नळापाशी एकदा फोन धरून संख्या वाचायला लावली आणि दोन्हींचे भागाकार केले. भागाकार वेगळे आले. म्हणजे घरातली रेंज एका टॉवरची नव्हतीच. खिडकीचा धनी वेगळा आणि नळाचा वेगळा. सरकारी कचेरीत दोन खिडक्यांवर दोन कारकून असतात हे काकांना माहीत होतं, तरीही ते बराच वेळ त्या दोन भागाकारांकडे बघत बसले.

या लांब संख्येच्या आधी आणखी काही आकडे असतात. भारताचे म्हणून ४०४ आणि ४०५, आणि त्यापुढचे दोन-तीन आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. सर्कल म्हणजे दूरसंचार खात्यानं पाडलेले देशाचे २२ वाटे. आता गंमत अशी, की २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं, हैदराबादेत त्याची आतषबाजी झाली, सरकारी पाट्या बदलल्या, गाड्यांचे नंबर बदलले, पण मोबाइल परवान्यांच्या हिशेबात हैदराबाद अजूनही आंध्र प्रदेश सर्कलमध्येच आहे. मराठी माणसानं याला हसू नये. त्याच हिशेबात मुंबई महाराष्ट्रात नाही, तिचं सर्कल वेगळं. आणि ज्या गोव्यानं १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला साफ नकार दिला, तो महाराष्ट्र सर्कलमध्ये मुकाट बसलेला आहे. संयुक्त महाराष्ट्राचं जे काम आचार्य अत्र्यांना अर्धंच साधलं, त्यातलं उरलेलं अर्धं खात्यानं करून दाखवलं, इतकंच म्हणायचं.

आमच्या आत्याला असल्या नकाशांचं काही वाटत नाही. ती जन्मली निजामाच्या संस्थानात, शाळेत गेली हैदराबाद राज्यात, १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा तिकडे गेला आणि ती इकडे आंध्र प्रदेशात राहिली, आणि आता तेलंगणात आहे. एवढी राज्यं तिनं गल्ली न बदलता पाहिली. माहेर आणि सासर यांच्यात विवेकवर्धिनी या इथल्या मराठी शाळेच्या आवाराएवढंही अंतर नाही.

टॉवरचं नाव असं कळलं, तरी गाव कळत नाही. त्यासाठी नकाशे लागतात, आणि इथं काखेत कळसा निघाला. जगभरच्या मोबाइल सेलच्या नोंदी ठेवणारा ओपनसेलआयडी नावाचा एक खुला साठा २००८ मध्ये सुरू झाला. हात बदलत बदलत तो आज ज्या कंपनीच्या ताब्यात आहे ती अनवायर्ड लॅब्ज हैदराबादचीच. ब्राझीलमधल्या टॉवरचा पत्ता हवा असलेला माणूससुद्धा शेवटी आमच्या गावात चौकशी करतो, आणि आम्ही नळापाशी उभे.

हा साठा भरतो कसा, हे समजलं तेव्हा मला टॉवरपेक्षा त्याचीच जास्त मौज वाटली. कुणी कंपनीच्या कपाटातून नकाशा आणून दिलेला नाही. लोकांच्या फोनांत अ‍ॅप असतं. माणूस हिंडतो आणि फोन गुपचूप टिपून ठेवतो: मी अमुक अक्षांश-रेखांशावर आहे आणि इथं मला तमुक सेल ऐकू येतोय. अशा नोंदी गोळा झाल्या की त्यांची सरासरी काढून नकाशावर एक ठिपका ठेवतात. म्हणजे ठिपका दिसतो ती जागा टॉवरची असेलच असं नाही. टॉवर जिथून जिथून ऐकू आला त्या सगळ्या जागांचा तो मध्य. साठ्यातल्या प्रत्येक ओळीत ही सरासरी किती नमुन्यांवरून काढली तेही लिहिलेलं असतं, आणि आणखी एक प्रामाणिक रकाना असतो. त्यात ० असेल तर जागा कंपनीनं सांगितलेली, पक्की. १ असेल तर लोकांच्या सरासरीची, उद्या बदलू शकणारी. रकाना खाली खाली वाचत जा, १, १, १, १ अशी रांग लागलेली असते. शिवाय ओळ टॉवरची नसते, सेलची असते. त्यामुळे एका टॉवरची तीन तोंडं आणि त्यांच्या निरनिराळ्या लहरी मिळून नकाशावर ठिपक्यांची रांगोळीच उमटते, आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढे टॉवर असून आमच्याकडे ही दशा?

सरासरी काय काय करू शकते याला हैदराबाद फार सोयीचं आहे. संध्याकाळी टँकबंडवर वारा खायला निघालेले लोक आणि पलीकडे नेकलेस रोडवर मिरची बज्जी खाणारे लोक, दोघांच्याही फोनांना एकच सेल ऐकू आला, तर मध्य येऊन पडणार हुसेनसागरात. नकाशावर भर पाण्यात टॉवर. प्रत्यक्षात त्या पाण्यात उंच असं काही उभं असेल तर ती बुद्धाची मूर्ती. १९९० मध्ये नेतानाच ती तराफ्यावरून तळ्यात गेली होती आणि दोन वर्षांहून जास्त काळ तळाशी राहून १९९२ मध्ये वर आली. तिच्याकडे अँटेना नाही, आणि रेंजबद्दल तिची तक्रारही नाही.

आउटर रिंग रोडच्या बाजूला उलटा प्रकार होतो. तिथं माणसं फक्त रस्त्यावरून जातात, रानात कुणी शिरत नाही, त्यामुळे टॉवर आत शेतात असले तरी ठिपके रस्त्यावर येऊन उभे राहतात, ट्रॅफिक पोलिसांसारखे एका रांगेत. आणि मेडारमची जत्रा घ्या. सम्मक्का-सारलम्मांच्या त्या जत्रेला दोन वर्षांतून एकदा जंगलात अफाट गर्दी लोटते, तेव्हा कंपन्या चाकांवरचे टॉवर नेऊन उभे करतात. गुळाचं बंगारम वाहून झालं, देव वनात परतले, की टॉवरही गाडीला जोडून परत जातात. पण कुणा भाविकाच्या फोनानं त्यातल्या एखाद्याची नोंद केली असेल, तर नकाशावर तो टॉवर मागेच राहतो, ओसाड रानात, माणूस नाही काणूस नाही, आणि म्हणे पूर्ण रेंज.

जिथं कुणी हिंडलेलं नाही तिथं या नकाशात टॉवरच नाही, हे त्याहून विचार करण्यासारखं. हा टॉवरचा नकाशा म्हणून आपण उघडतो, पण त्यात दिसतात ते लोकांचे पाय. ऑफिसला जाणारे, उगाच भटकणारे, रात्री कुत्रा फिरवणारे. सेलमॅपर नावाचं असंच दुसरं एक अ‍ॅप आहे. त्याचे नादिष्ट भक्त टॉवर समोर दिसला की ठिपका ओढून नेमका त्याच्या डोक्यावर बसवतात. पगार नाही, कौतुक नाही. आपल्याकडे गडकोटांच्या पायऱ्या मोजणारे लोक असतात, त्यातलीच ही जात, आणि मला दोन्ही आवडतात.

पक्का पत्ता हवा तर सरकारदरबारी जावं लागतं. दूरसंचार खात्यानं मे २०१७ मध्ये तरंग संचार नावाचं संकेतस्थळ उघडलं. नाव ऐकून आकाशवाणीवरचा सुगम संगीताचा कार्यक्रम वाटतो, पण काम चोख आहे. आपली जागा सांगितली की भोवतालचे टॉवर नकाशावर दिसतात आणि त्यांतल्या एखाद्यावर बोट ठेवलं की तो उत्सर्जनाचे नियम पाळतो की नाही, हे कळतं. इथं सरासरी नाही, अंदाज नाही. आत्याच्या घराचा परिसर मी मोठा करून पाहिला, आणि टॉवर निघाला तिच्याच मागच्या गल्लीत, तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला. घरातून मान वर केली तरी तो दिसत नव्हता. आणि रेंज देणाऱ्या त्या दोघांपैकी तो नव्हताच.

दिव्याखाली अंधार ही म्हण ज्यानं केली त्याला रेडिओलहरी ठाऊक असाव्यात. अँटेनाचा झोत आडवा असतो, जरासा खाली कललेला, पुढच्या काही शे मीटरच्या वस्तीसाठी फेकलेला. बुडाशी राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं ते उष्टं-खरकटं. त्यात आत्याच्या भिंती जुन्या, दीड-दोन फुटी, दगडचुन्याच्या. उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या या भिंती लहरींनाही तितक्याच निष्ठेनं बाहेर ठेवतात. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झाली आणि पहिल्या शहरांच्या यादीत हैदराबाद होतं. पण ५जीच्या जास्त कंपनसंख्येच्या लहरी तर भिंत पाहिली की हातपायच गाळतात. नळाच्या डोक्यावर मोकळं आकाश, म्हणून लांबच्या टॉवरचा आवाज तिथं बिनबोभाट उतरतो. सगळा उलगडा झाला.

तो मी आत्याला सांगितला. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ रे बाबा, तुला त्याचा पत्ता लागला. त्याला माझा लागलाय का?"

खरं म्हणजे लागलेला असतो. फोन आणि टॉवर यांच्यातलं अंतर टॉवर मोजत असतो, कारण उत्तर किती वेळात येईल हे त्याला धरून चालावं लागतं. जुन्या २जीत हे माप सुमारे ५५० मीटरच्या पावलांनी व्हायचं, ४जीत पाऊल ७८ मीटरवर आलं. वर्तमानपत्रात "मोबाइल लोकेशनवरून आरोपी सापडला" असं येतं त्यात या मापांचाही हात असतो. म्हणजे आत्या देवघरात आहे की नळावर, एवढं बारीक टॉवरला कळत नसलं, तरी ती काचीगुड्यात आहे याबद्दल त्याची खात्री असते. हे ऐकून तिनं पदर सारखा केला.

उंचावरून गावाशी बोलायचा धंदा या शहराला नवा नाही. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते आणि गाइड ती प्रत्येक गटापुढे वाजवून दाखवतो. आज जिथं बिर्ला मंदिर आहे त्या बाजूच्या नौबत पहाडावर नौबत झडायची आणि फर्मानं वाचली जायची. ग्रॅनाइटच्या टेकड्या म्हणजे तेव्हा आयते टॉवर होते. आता त्याच टेकड्या आड येतात. जुबिली हिल्सला एका वळणावर फोन खणखणीत आणि पुढच्या वळणावर मुका, कारण मध्ये हत्तीएवढाले धोंडे. तिथल्या बंगल्यांच्या किमती काहीही असोत, धोंड्यामागे उभा राहिलेला करोडपती आमच्या नळावरच्या जावयाइतकाच हताश असतो.

टॉवर शोधणाऱ्यांची दुसरी एक जमात आहे. आम्ही जवळ जायला शोधतो, ते लांब पळायला. मी राहतो त्या मियापूरकडच्या सोसायटीत समोरच्या इमारतीवर टॉवर येणार अशी कुणकूण लागली आणि मीटिंग बोलावली गेली. एकजण नकाशाच्या रंगीत प्रती काढून आला होता. तास-दीड तास चर्चा झाली आणि ठराव झाला त्याचा मथितार्थ वॉचमननं एका वाक्यात सांगितला: "सिग्नल होना, टॉवर नक्को." लेखी ठराव चार पानी आहे, पण त्यात याहून जास्त काही नाही.

भीतीला अगदीच आधार नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना "कर्करोगाची शक्यता असू शकेल" अशा २ब गटात टाकलं. वाक्य ऐकायला भयंकर आहे. पण त्याच गटात कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या, म्हणजे तिकडची लोणचीही आहेत. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा आवकायच्या राज्यात लोणच्याचं नाव घेतलं म्हणून दोघं-तिघं टॉवरपेक्षा माझ्यावरच जास्त नाराज झाले. भारतातली उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणलेली आहे, हेही सांगून पाहिलं. आणि सर्वांत उलटी गोष्ट म्हणजे टॉवर लांब असला की आपला फोन जास्त ताकद लावून ओरडतो, आणि तो ओरडतो कानाशी. टॉवर जवळ असला तर त्याला कुजबुजणं पुरतं. लिफ्टमध्ये दार बंद झाल्यावरही कानाला फोन दाबून "हॅलो, हॅलो, टॉवर नको म्हणून सही केली का?" असं विचारणाऱ्या आमच्या सेक्रेटरींना हे पटवण्याचा नाद मी सोडला. ज्यांना मोजूनच हवं त्यांच्यासाठी तरंग संचारवर सोय आहे: ४,००० रुपये भरले की खात्याची माणसं येऊन मोजमाप करून अहवाल देतात. सोसायटीनं ४,००० रुपये वर्गणीतून द्यायचे की टॉवरच्या समोरच्या विंगनं, यावर पुढची मीटिंग आहे.

तिसरी जमात आपल्याच गच्चीवर टॉवर यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली असते. त्यांना फोन येतात, "तुमची गच्ची आमच्या सर्व्हेत आली आहे, महिन्याला अमुक हजार भाडं, आधी फक्त नोंदणीचे एवढे भरा." सोबत ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, ना-हरकत पत्र म्हणून शिक्का मारलेला कागद. ट्राय टॉवरसाठी जागा भाड्यानं घेत नाही आणि असली पत्रं देतही नाही, हे तिनं वारंवार जाहीर केलं आहे. खरी कंपनी टॉवर उभारायचा असेल तर भाडं देते, आधी मागत नाही. तरीही माणसं पैसे भरतात. ज्याला रेंज नाही त्यालासुद्धा असे फोन मात्र नेमके लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

कंपनीकडे तक्रार करण्याचा मार्ग मी शेवटी ठेवला, कारण तो तसाच ठेवण्याच्या लायकीचा आहे. तक्रार नोंदवायला ओटीपी लागतो. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो. आम्ही तो नळावर घेतला आणि धावत आत आणला, तोवर त्याची मुदत संपली. नंतर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, की आमच्या नकाशाप्रमाणे तुमच्या भागात कव्हरेज उत्कृष्ट आहे. तो नकाशा मी पाहिला. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार आता प्रत्येक कंपनीला कुठं २जी, ४जी, ५जी मिळतं याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर लावावा लागतो, हे चांगलंच झालं. आत्याचं घर त्यात हिरवंगार आहे. देवघर, नळ, माजघर, सगळं एकाच हिरव्या रंगात. आता काय बोलायचं!

तेव्हा माझं मत असं, की कंपनीचा नकाशा आश्वासन म्हणून वाचावा, सरकारचा पत्त्यासाठी, आणि रेंज खरोखर कुठं येते हे कळायला हिंडणाऱ्यांचा. तिन्ही फुकट आहेत. हिंडणाऱ्यांच्या नकाशात शहरं गच्च भरलेली दिसतात आणि गावांकडे नोंदी विरळ होत जातात. नांदेड, किनवट, देगलूर, उदगीर, गडचिरोली या बाजूचे कुणी वाचक हे वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. शेताकडे, बाजाराला, पाहुण्यांकडे जाताना यातलं एखादं अ‍ॅप फोनात चालू ठेवा. बॅटरी थोडी जास्त जाईल, म्हणून चार्जर बरोबर असू द्या.